पडद्यावरचा पराक्रम : वीर की रौद्र?

चित्रपटांविषयीच्या चर्चेत दोन आवाज नेहमीच मोठे असतात. एक समीक्षकांचा आणि दुसरा गल्ल्याचे हिशेब मांडणाऱ्यांचा. पहिला तारे वाटतो, दुसरा कोटी मोजतो. या दोघांच्या गलबल्यात एका तिसऱ्या माणसाचे म्हणणे सहसा कोणी ऐकून घेत नाही. हा माणूस वर्षातून तीन-चार वेळाच चित्रपटगृहाची पायरी चढतो आणि तीही बहुधा सहकुटुंब. दिग्दर्शकाची शैली, छायालेखकाची भिंगे यांच्याशी त्याला फारसे कर्तव्य नसते. खेळ सुटल्यावर परतीच्या वाटेवर तो आपले मत सांगून मोकळा होतो आणि दुसऱ्या दिवशी तेच मत कचेरीत, शाखेत, शेजारच्या ओट्यावर पोहोचते. चित्रपट पहिल्या शुक्रवारी जाहिरातीवर चालतो. पुढच्या सोमवारी मात्र तो या माणसाच्या शब्दावर चालतो किंवा पडतो.

गेल्या दहा वर्षांत या प्रासंगिक प्रेक्षकासमोर वाढून ठेवलेले ताट पार बदलून गेले आहे. घरगुती कथा दूरचित्रवाणीवर आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर गेल्या. मोठ्या पडद्याने स्वतःसाठी राखून ठेवले ते मारधाडीचे आणि अद्भुताचे चित्रपट. तलवारी, आगीचे लोळ, देव-दानव, महाकाय पशू, कोसळणारी नगरे. एवढे सगळे पाहून हा प्रेक्षक समाधानाने घरी परततो का? त्याची मते कान देऊन ऐकली, तर ती वाटतात तितकी साधी नाहीत.

चमत्कार नवा नाही

पहिली गोष्ट ही की, भारतीय प्रेक्षकाला अद्भुताचे अप्रूप संगणकाने शिकवलेले नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला आणि पुढे १९१७ मध्ये 'लंका दहन', १९१९ मध्ये 'कालिया मर्दन' केला. 'लंका दहन'मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनीच केल्या होत्या, तर 'कालिया मर्दन'मधला बाळकृष्ण म्हणजे फाळक्यांची कन्या मंदाकिनी. हाताशी साधने तुटपुंजी होती, पण युक्ती आणि श्रद्धा भरपूर होती. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीवरून १९२३ साली मूकपट 'सिंहगड' काढला. 'प्रभात'च्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम'मधील वैकुंठगमन पाहून प्रेक्षक हात जोडत असत, आणि तोच चित्रपट १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला.

तात्पर्य, चमत्कार पाहण्यासाठी तिकीट काढणे ही या मातीतली शंभर वर्षांहून जुनी सवय आहे. त्यामुळे 'आमच्या चित्रपटात पूर्वी कधी न पाहिलेली दृश्ये आहेत' या जाहिरातीने सामान्य माणूस एकदा आत येतो. तो दुसऱ्यांदा येतो किंवा दुसऱ्याला पाठवतो, ते मात्र वेगळ्याच कारणाने.

'का मारले?' हा प्रश्न

'बाहुबली'चे उदाहरण घ्यावे. एस. एस. राजामौली यांच्या या चित्रपटाचा पहिला भाग जुलै २०१५ मध्ये आला आणि दुसरा एप्रिल २०१७ मध्ये. धबधबा, माहिष्मती नगरी, युद्धाचे मैदान हे सारे भव्य होतेच. पण मधल्या जवळजवळ दोन वर्षांत रेल्वेच्या डब्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत देशभर जो प्रश्न विचारला गेला, तो 'हा धबधबा कसा केला?' असा नव्हता. 'कटप्पाने बाहुबलीला का मारले?' हा तो प्रश्न होता. एका निष्ठावंत सेवकाने आपल्या लाडक्या राजपुत्राच्या पाठीत तलवार का खुपसावी? सिंहासनावरची निष्ठा मोठी की न्यायावरची? म्हणजे प्रेक्षक नीतीचा पेच सोडवत होता, तंत्राचे कोडे नव्हे. ज्या दिवशी निर्माते हे विसरतात, त्या दिवशी त्यांचे शेकडो कोटी पाण्यात जातात.

दुसऱ्या भागात शत्रूच्या तटावर नारळाच्या झाडांच्या साहाय्याने सैनिक भिरकावले जातात. ते दृश्य पाहून हाच प्रेक्षक मनमोकळे हसला. त्याने ते सहन केले, कारण तोवर तो त्या माणसांत गुंतला होता. पण सहन करणे आणि मान्य करणे यांत अंतर आहे, हे पुढच्या अनेक नकलाकारांच्या ध्यानात आले नाही.

योजनांचा हिशेब

वाल्मीकींनी किष्किंधाकांडाच्या शेवटी एक विलक्षण प्रसंग रंगवला आहे. समुद्र ओलांडायचा आहे आणि किनाऱ्यावर वानरवीर आपापली शक्ती सांगत आहेत. कोणी दहा योजने म्हणतो, कोणी वीस, कोणी तीस. वृद्ध जांबवान नव्वदपर्यंत पोहोचतो. अंगद म्हणतो, शंभर योजने जाईन, पण परत येण्याची खात्री नाही. या हिशेबानंतर जांबवान कोपऱ्यात मूक बसलेल्या हनुमंताला त्याच्या सामर्थ्याची आठवण करून देतो आणि मग ती उडी होते. उडीतही मैनाक, सुरसा, सिंहिका अशी विघ्ने आहेतच.

हे सगळे कशासाठी? हनुमान तर वायुपुत्र. कवीने त्याला एका ओळीत लंकेत उतरवले असते, तर कोण विचारणार होते? पण आदिकवीला पक्के ठाऊक होते की, अद्भुतालाही माप लागते. शंभर योजने म्हणजे किती, हे अंगदाच्या शंकेमुळे कळते, आणि म्हणूनच हनुमंताची उडी थोर ठरते.

अलीकडच्या मारधाडपटांत हरवले आहे ते नेमके हेच माप. नायक एका ठोशात दहा माणसे हवेत उडवतो, चौथ्या मजल्यावरून उडी मारून कपडे न चुरगळता उभा राहतो. त्याच्या अंगावर पडणाऱ्या गोळ्यांना वजन नाही, त्याच्या जखमेला वेदना नाही. ज्याला धोकाच नाही, त्याचे धैर्य कसले? दहाव्या मिनिटाला टाळ्या वाजवणारा प्रेक्षक साठाव्या मिनिटाला घड्याळाकडे पाहू लागतो. त्याला कंटाळा दृश्यांचा येत नाही; या माणसाला काहीच होणार नाही, हे कळून चुकल्याचा येतो.

यावर 'आपल्याकडे पैसा कमी आहे' हे उत्तर आता पुरत नाही. जपानमध्ये २०२३ साली 'गॉडझिला मायनस वन' हा चित्रपट निघाला. हॉलीवूडच्या तुलनेत त्याचा खर्च अगदीच किरकोळ. सुमारे ३५ जणांच्या चमूने त्यातली ६१० दृश्ये साकारली आणि २०२४ मध्ये दृश्य-परिणामांचे ऑस्कर पटकावले. दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी हेच त्या चमूचेही प्रमुख होते. पण हा चित्रपट लक्षात राहतो तो युद्धातून जिवंत परतल्याची बोचणी बाळगणाऱ्या एका वैमानिकामुळे. अक्राळविक्राळ प्राण्यासमोर एक सामान्य माणूस उभा आहे आणि त्याला जगायचे आहे. एवढे पुरेसे ठरले. आपल्याकडचे तंत्रज्ञ तर मुंबई-चेन्नईत बसून हॉलीवूडच्या चित्रपटांची कामे करतात. कमतरता त्यांच्या हातात नाही. ती वहीत आहे, पटकथेच्या.

विषय आपला, म्हणून चित्रपट चांगला?

राष्ट्रीय विचारांच्या घरांतून एक मत वारंवार ऐकू येते. 'निदान विषय तरी आपला आहे ना, मग पाहायलाच हवा.' या भावनेमागचा जिव्हाळा समजण्यासारखा आहे. अनेक वर्षे हिंदी चित्रपटाने आपल्या इतिहासाकडे, पुराणांकडे पाठच फिरवली होती. पण जिव्हाळा हा निकष होऊ शकत नाही, हे २०२३ च्या जून महिन्यात 'आदिपुरुष'ने दाखवून दिले. प्रत्येक खेळाला एक आसन मारुतीरायासाठी राखून ठेवण्याची घोषणा झाली होती. पहिल्या तीन दिवसांत गर्दीही उसळली. मग लोकांनी प्रत्यक्ष हनुमंताच्या तोंडी नाक्यावरची भाषा ऐकली, लंका काळवंडलेल्या कारखान्यासारखी पाहिली आणि गर्दी ओसरली. निर्मात्यांना प्रदर्शनानंतर संवाद बदलावे लागले. कोणत्याही बंदीची गरज पडली नाही. रामकथा ज्याच्या घरात रोज नांदते, त्या प्रेक्षकानेच निकाल दिला.

याउलट रामानंद सागर यांची १९८७-८८ मधली 'रामायण' मालिका आठवावी. तिच्यातले बाण हवेत एकमेकांवर आदळून विझत, आणि ते पाहून आज शाळकरी मूलही हसेल. तरीही २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ती पुन्हा दाखवली, तेव्हा तीन पिढ्या एकत्र बसल्या. तंत्र कच्चे होते, भाव पक्का होता. 'आदिपुरुष'मध्ये नेमके उलटे झाले, आणि तंत्रही पक्के नव्हतेच.

'आदिपुरुष'चे दिग्दर्शक ओम राऊत यांचाच 'तान्हाजी' जानेवारी २०२० मध्ये आला होता. बाबूराव पेंटरांच्या मूकपटानंतर ९७ वर्षांनी तोच सिंहगड पुन्हा पडद्यावर उभा राहिला. नागीण नावाची प्रचंड तोफ वगैरे कल्पनाविलास त्यात होता आणि इतिहास जाणणाऱ्यांना तो खटकलाही. तरी मुलाचे लग्न बाजूला ठेवून मोहिमेवर निघालेला बाप त्यात शाबूत होता, म्हणून चित्रपट तरला. दिग्दर्शक तोच, साधने अधिक, विषय त्याहून मोठा; फरक पडला तो गाभा शाबूत राहण्या-न राहण्याचा.

२०२४ च्या जानेवारीत प्रशांत वर्मा यांचा तेलुगू 'हनु-मान' तुलनेने अल्प खर्चात आला आणि 'आदिपुरुष'ने दुखावलेल्या प्रेक्षकानेच त्याला डोक्यावर घेतले. त्यात खेड्यातला एक उनाड पोरगा आहे, त्याची बहीण आहे, आणि शक्ती मिळाल्यावर ती कशासाठी वापरावी हा प्रश्न आहे. अश्विन कुमार यांचा 'महावतार नरसिंह' हा अ‍ॅनिमेशनपट जुलै २०२५ मध्ये कोणत्याही नामांकित नटाच्या चेहऱ्याविना आला आणि भारतीय अ‍ॅनिमेशनपटांत सर्वाधिक कमाईचा ठरला. त्याचे चित्रांकन जागतिक दर्जाचे आहे, असे कोणी म्हणणार नाही. पण प्रल्हादाची कथा त्याने खाली मान घालून, न लाजता सांगितली. त्याच वर्षी चीनने आपल्या पुराणातील बालदेवतेवरचा 'ने झा २' जगासमोर ठेवला आणि दोनशे कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. या ने झाचे मूळ अभ्यासक कुबेरपुत्र नलकूबराशी जोडतात, हे ठाऊक झाले की कौतुकाबरोबर थोडी हुरहुरही लागते.

माती आणि अद्भुत

ऋषभ शेट्टी यांचा २०२२ मधला 'कांतारा' पाहून कोकणातला माणूस का हेलावला? तुळुनाडूतील भूतकोला त्याने पूर्वी पाहिलेला नसेल. पण गावाचा राखणदार, त्याला दिलेला शब्द, जमिनीवरचा हक्क आणि शब्द मोडल्याचे फळ, हे सारे त्याच्या गावऱ्हाटीत आहेच. दैव अंगात आल्यावर नायकाच्या कंठातून फुटणारी ती किंकाळी कोणत्याही स्फोटापेक्षा खोल जाते. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सुबोध खानोलकर यांच्या 'दशावतार' या मराठी चित्रपटाने तोच अनुभव आपल्या भाषेत दिला. ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर त्यात वृद्ध दशावतारी कलावंत साकारतात आणि तरण्याबांड नायकांना मागे टाकतात.

जून २०२४ मधील 'कल्की २८९८ एडी'मध्ये अमिताभ बच्चन यांनी अश्वत्थामा उभा केला. चित्रपटाचा बराच भाग परदेशी विज्ञानपटांची आठवण करून देणारा. पण तो भळभळत्या शापाचा वृद्ध योद्धा पडद्यावर आला की, मराठी प्रेक्षक ताठ होऊन बसे. कारण कपाळाच्या जखमेसाठी दारोदार तेल मागत फिरणारा अश्वत्थामा त्याने आजीकडून ऐकलेला असतो. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातील अस्तंबा शिखरावर दिवाळीच्या सुमारास अश्वत्थाम्याची यात्रा आजही भरते. अद्भुत असे उंच शिखरावर आणि घरच्या उंबऱ्यावर एकाच वेळी असते. ते आणण्यासाठी दुसऱ्याच्या दारात जावे लागत नाही.

उत्साह की क्रोध?

आता मूळ मुद्दा. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात वीर आणि रौद्र हे दोन रस वेगळे मानले. वीराचा स्थायीभाव उत्साह, रौद्राचा क्रोध. वीरातून अद्भुत जन्मते, तर रौद्रातून करुण, असेही त्यांनी सांगितले. तलवार दोघांच्याही हाती असते. फरक मनात असतो. वीर कशासाठी तरी लढतो, रौद्र कोणावर तरी तुटून पडतो. आजच्या मारधाडपटांची खरी व्याधी ही की, त्यांनी रौद्रालाच वीर समजण्याची गल्लत केली आहे.

आदित्य धर यांचा 'उरी' जानेवारी २०१९ मध्ये आला, तेव्हा लोक चित्रपटगृहातून 'जोश' हा एक शब्द घेऊन बाहेर पडले. जोश म्हणजे दुसरे काय? उत्साहच. त्याच दिग्दर्शकाचा साडेतीन तासांचा 'धुरंधर' डिसेंबर २०२५ मध्ये आला. हेरांच्या अनाम त्यागाचा विषय मोठा, मांडणी पकड घेणारी आणि यश अफाट. पण त्यातील छळाची दृश्ये पाहताना अनेकांनी मान फिरवली. त्याला केवळ प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र मिळाले, हे प्रामाणिकपणाचेच झाले. २०२३ च्या 'अ‍ॅनिमल'मध्ये तर देश नाही, धर्म नाही, ध्येय नाही. बापाच्या प्रेमाला आसुसलेल्या मुलाचा राग तेवढा आहे आणि त्या रागाच्या हाती यंत्रतोफ आहे. त्यावर टाळ्या पडल्या, ही चिंतेची बाब आहे.

या पार्श्वभूमीवर 'छावा'कडे पाहावे लागते. लक्ष्मण उतेकर यांचा हा चित्रपट १४ फेब्रुवारी २०२५ रोजी आला आणि शंभूराजांचे नाव हिंदी पट्ट्यातल्या घराघरांत गेले. हे ऋण मान्य केलेच पाहिजे. प्रदर्शनापूर्वी वाद झाला तो लेझीमच्या दृश्यावरून, आणि ते काढलेही गेले. खरा प्रश्न मात्र अखेरच्या भागाचा होता. मार्च १६८९ मध्ये शंभूराजांचा जो अमानुष छळ झाला तो इतिहास आहे. तो सौम्य करण्याचे कारण नाही. पण तो किती वेळ, किती जवळून आणि कोणाच्या डोळ्यांना दाखवायचा? युद्ध आणि मृत्यू प्रत्यक्ष रंगभूमीवर न दाखवता सूचित करावेत, असा भरतांचा दंडक होता. त्यामागे भीरुता नव्हती. रक्त फार वेळ पाहिले की मन आधी हादरते आणि नंतर बधिर होते, ही जाण होती.

त्याच कैदेत साखळदंडांत जखडलेले राजे आणि कवी कलश एकमेकांना काव्यपंक्तींनी उत्तर देतात, तो क्षण मात्र शुद्ध वीररसाचा आहे. शरीर हरले आहे, उत्साह हरलेला नाही. चित्रपट उंच जातो तो तिथे. संस्कृतात 'बुधभूषण' रचणारा, मुघल, सिद्दी आणि पोर्तुगीज यांच्याशी एकाच वेळी झुंजत आठ वर्षे स्वराज्य राखणारा राजा मुलांच्या मनात राहायला हवा की तापलेली सळई? पालकांनी हा प्रश्न स्वतःला विचारलाच पाहिजे.

कारण कायद्याने तो त्यांच्यावरच सोपवला आहे. २०२३ च्या दुरुस्तीने 'यूए' प्रमाणपत्राचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन विभाग झाले. 'छावा'ला १६+ हा शेरा होता. पण 'यूए'चा शेरा हा पालकांना दिलेला सल्ला आहे; दारावरचा माणूस आठ वर्षांच्या मुलाला त्यावरून अडवत नाही. इतिहास दाखवायचा म्हणून अनेकांनी चिमुरड्यांनाही नेले, आणि ती रडत बाहेर आली. हेतू उत्तम, पण विचार अपुरा. त्या वयाच्या मुलाला आधी रायगड दाखवावा, गोष्ट सांगावी. पडद्यावरची सळई चार वर्षे थांबू शकते.

कौल कोणाच्या हाती?

नितेश तिवारी दिग्दर्शित 'रामायण'चे दोन भाग दिवाळी २०२६ आणि दिवाळी २०२७ मध्ये आणण्याचे निर्मात्यांनी जाहीर केले होते. जगातले उत्तम तंत्र त्यामागे उभे आहे. समुद्र उसळेल, सेतू बांधला जाईल, लंका जळेल, यात शंका नाही. पण पित्याचा शब्द राखण्यासाठी हसतमुखाने वल्कले नेसणारा राम दिसेल का? कुंभकर्णाची कोंडी, बिभीषणाची घालमेल, रावण पडल्यावर वैर तिथेच संपवून त्याच्या अंत्यसंस्काराची आज्ञा देणारी करुणा दिसेल का? रामाच्या युद्धात क्रोध क्षणाचा आहे, उत्साह अखंड आहे. तो हरवला तर हजार कोटींचा समुद्रही कोरडा वाटेल.

निर्मात्यांना उपदेश करून फारसे साधत नाही. त्यांना एकच भाषा कळते, तिकीटखिडकीची. सुदैवाने ती भाषा सामान्य प्रेक्षकाला उत्तम बोलता येते. 'आदिपुरुष'ला नाकारताना आणि 'हनु-मान'ला स्वीकारताना तो तीच बोलला. विषय आपला आहे म्हणून वाटेल ते पदरात घेऊ नये, आणि मांडणी उत्तम असेल तर भाषा कोणती, नट कोण, हे विचारू नये. पहिल्या दिवसाची घाई न करता एखाद्या जाणत्याकडून कळू द्यावे, प्रमाणपत्रावरचा आकडा वाचावा आणि मगच मुलाचा हात धरून आत जावे. घरी परतताना मुलाला 'किती माणसे मारली?' असे न विचारता 'तो कशासाठी लढला?' असे विचारावे. त्याला उत्तर देता आले, तर तिकिटाचे पैसे वसूल झाले असे समजावे.